समुद्राची ओटी आणि पाण्याखालची कौलं

मालवणला प्रवाळ बघायला जायचं ही काही माझी कल्पना नव्हती. माझ्या सासूबाईंना समुद्राची ओटी भरायची होती, आणि मी त्यांची ड्रायव्हर होते. खरं कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे फोटो बघून कुणी मला हौशी डायव्हर समजणार नाही.

माझा नवरा सुहास मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे. गेल्या खेपेला भर वादळात जहाजाचं इंजिन बंद पडलं आणि मग काही दिवस त्याचा फोनच लागेना. त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. मी ऑफिसला जात होते, डबा भरत होते, आणि बँकेच्या काउंटरवर समोरचा माणूस काय बोलतोय ते मला ऐकू येत नव्हतं. निफाडला आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, देवघरासमोर बसून समुद्राला नवस बोलला: पोरगं परत दे, तुझी ओटी भरीन. पोरगं परत आलं. आल्यावर सुहास महिनाभर आमच्या नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या फ्लॅटमध्ये झोपला, जेवला, आणि पुढच्या जहाजाचे कागद जमवायला लागला.

आईंनी तेव्हाच बजावलं. "ओटी भरल्याबिगर पाण्यावर जायचं नाय. आधी देणं, मग जाणं."

सुहास म्हणाला, मुंबईला चौपाटीवर भरू. त्यावर आईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय तिथेच संपला. घाण पाण्यात ओटी टाकायची नाही, नितळ पाणी पाहिजे आणि खोल पाहिजे. त्यांच्या भिशीतल्या एक बाई मालवणला जाऊन आल्या होत्या, तिथे म्हणे पाण्याचा तळ दिसतो. झालं, मालवण ठरलं. सुहास मेडिकल आणि कोर्ससाठी मुंबईला गेलेला, महिनाअखेरीस जहाजावर चढणार. तेव्हा मी चार दिवसांची रजा टाकली. माझं जाणं सक्तीचंच होतं, कारण सासरे गेल्यापासून आई स्वतःच्या हाताने कुणाची ओटी भरत नाहीत. त्यांच्यातली रीत तशी आहे. ओटी भरायची माझ्या हातून, नवस त्यांचा.

आणि ओटी म्हणजे साधीसुधी नाही. येवल्याहून खास आणलेला पैठणीचा खण, डाळिंबी रंगाचा, काठावर मोर. ओंजळभर घरचा गहू, नारळ, हिरव्या बांगड्या, हळकुंड, सुपारी. ही पिशवी गाडीत पुढच्या सीटवर आईंच्या मांडीवर होती. मागच्या सीटवर ठेवा म्हटलं तर "देवाचं हाय, मागं कशाला?" म्हणाल्या.

रस्त्याचं सांगते. नाशिक ते मालवण एका दिवसात होतं असं सांगणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका. सिन्नर, संगमनेर करत पुण्यापर्यंत रस्ता चांगला आहे, फक्त चाकणला तुमचं नशीब. आम्ही पहाटे निघूनही तिथे अडकलोच. कोल्हापूरला मुक्काम केला. सकाळी तिथली मिसळ खाल्ली, आणि आईंनी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला आपणहून सांगितलं की तुमच्यात रस्सा चांगला हाय, पण मटकी आमच्या नाशकाची. त्या माणसाने हसून हात जोडले. तिथून राधानगरी आणि फोंडा घाटाने खाली उतरलो. घाटात खड्डे आहेत, गाडी बेताने चालवा, अंधार पडायच्या आत उतरा. घाट संपला आणि काचेतून दमट वास आला तशा आई सीटवर पुढे सरकून बसल्या. त्यांनी आयुष्यात समुद्र बघितलेला नव्हता. मुलगा त्याच्यावर नोकरी करतो, आणि आईने तो फक्त टीव्हीवर बघितलेला.

मालवणला आम्ही रुपालीच्या घरी उतरलो. रुपाली पस्तिशीची, दणकट, सतत बोलणारी. स्वतः स्कूबा शिकलेली, सकाळी पर्यटकांना होडीतून प्रवाळ दाखवायला नेते आणि घरात दोन खोल्या भाड्याने देते. स्वयंपाक तिच्या सासूबाई करतात. राहणं-खाणं आपल्या खिशाला झेपेल असं आहे, दर मोसमाप्रमाणे बदलतात, फोनवर आधी विचारून घ्या. आईंना माशांचा वास सोसत नाही, तर त्यांच्यासाठी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं झालं. मी मात्र बांगडा सोडला नाही.

रुपाली पर्यटकांशी आपल्यासारखं मराठी बोलते, पण रंगात आली की मालवणीवर घसरते. जेवताना तिने पिशवीकडे बोट दाखवलं. "काकी, ह्या पिशयेत काय आसा?"

आईंनी उत्साहाने सगळं उलगडून दाखवलं. नवस सांगितला, वादळ सांगितलं. रुपालीने सगळं ऐकून घेतलं, खणावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "खण झकास आहे. पण ह्या पाण्यात टाकूचा नाय."

"म्हंजे?"

"म्हणजे प्रवाळावर नाही टाकायचं. पोवळा जिता आसा, काकी. दगड नाय ता. कापड वर बसलं की त्याला उजेड मिळत नाही, मग मरतं. मी होडीतून कुणालाच टाकू देत नाही."

आईंचा चेहरा पडला. मी मध्ये पडून म्हटलं, किनाऱ्यावरच टाकू ना. त्यावर आई माझ्यावर चिडल्या. किनाऱ्यावर टाकलेलं लाट परत आणून टाकते, त्यांनी संध्याकाळी चिवला किनाऱ्यावर बघितलं होतं, कुणाची तरी हारफुलं पायाशी येत होती. "परत आलं म्हंजे त्यानं घेतलं नाय. नाय घेतलं तर माझं पोरगं कोणाच्या भरवशावर सोडू?"

मला नवसावर फारसा विश्वास नाही, पण त्या दिवसांत मीही कुणाकुणाला काय काय बोलले होते ते माझं मला माहीत. रुपालीने वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली, उद्या सकाळी माझ्याबरोबर येऊन आधी खाली बघा, मग काय ते ठरवा. आई म्हणाल्या, "मी पाण्यात? येडी का खुळी तू?"

पण सकाळी सगळ्यांच्या आधी त्याच तयार होत्या. आमच्याकडे द्राक्षाच्या बागेत काम करताना बायका उन्हासाठी साडीवर पुरुषी शर्ट घालतात. तो शर्ट, खाली माझी लेगिंग, डोक्याला रुमाल. मी हसले तर म्हणाल्या, "तुझं तू बघ." निघताना मी पिशवी उचलली आणि ती हलकी लागली. आत खण नव्हता. आईंच्या शर्टाच्या आत, पोटाशी, चौकोनी फुगवटा दिसत होता. रुपालीला सांगावं की न सांगावं, हे मला होडीत बसेपर्यंत ठरवता आलं नाही, आणि मग उशीर झाला.

जाणाऱ्यांसाठी थोडं: पावसाळ्यात समुद्र बंद असतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी त्यातल्या त्यात नितळ. सकाळी लवकर जा, वारा सुटला की गढूळ होतं. शनिवार-रविवार टाळा. पोहता येत नसलं तरी चालतं, लाइफ जॅकेट आणि हवेची रिंग असते, गाइड हात सोडत नाही. प्रवाळावर उभं राहू नका, माशांना ब्रेड-बिस्किटं घालू नका. आणि टीव्हीवरचे लाल-निळे रंग मनात धरून जाऊ नका. इथलं प्रवाळ बहुतेक तपकिरी, पिवळसर, हिरवट. मी आधी उतरले, तोंडावर मास्क, तोंडात नळी, नाकाने श्वास घ्यायची सवय जाता जाईना. दोनदा पाणी प्यायले. मग एकदाचं जमलं आणि खाली बघितलं.

खाली मोठमोठे गोल गड्डे होते, काही पत्रावळीसारखे पसरलेले. त्यांच्यावरून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे थव्याने चालले होते, निवांत. एक पोपटी रंगाचा मासा प्रवाळ खात होता आणि त्याचा कुरकुर आवाज मला पाण्यात ऐकू येत होता, हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. काळ्या काट्यांचे गोळे कपारीत बसलेले. मी पाण्यातच रडले, का ते सांगता येणार नाही. मास्कमध्ये रडू नका, काच धुरकट होते.

मग आईंची पाळी. त्यांना शिडीवरून उतरवायला होडीवाल्या काकांनी आणि रुपालीने जे काही केलं ते पाहून शेजारच्या होडीतले लोक टाळ्या वाजवत होते. पाय पाण्याला लागल्यावर आईंनी "सुहासच्या बापा" अशी हाक मारली. "घाबरू नकात काकी, मी धरलंय," रुपाली म्हणाली. रिंगवर पोट टेकवून त्यांनी शेवटी तोंड पाण्यात घातलं. आणि वर काढलंच नाही. मी बाजूला रिंग धरून तरंगत होते, माझं लक्ष त्यांच्या उजव्या हातावर होतं. तो शर्टाच्या आत होता.

रुपाली आम्हाला हळूहळू ओढत प्रवाळाच्या कडेला घेऊन गेली. तिथे वाळूत एका जुन्या गलबताचा माल पडलाय. शिडाचं मालवाहू गलबत, कधी बुडालं कुणाला नक्की माहीत नाही, लाकूड केव्हाच गेलं. राहिली ती मंगलोरी कौलं. एकावर एक रचलेली, जशी गलबतात भरली असतील तशीच्या तशी, पण आता त्यांच्यावर प्रवाळ चढलेलं, आणि प्रत्येक दोन कौलांमधल्या फटीतून कुणीतरी डोकं बाहेर काढून बघतंय. बारके निळे मासे आत-बाहेर करत होते. बाजूला चिनी मातीची एक मोठी बरणी अर्धी वाळूत रुतलेली, आपल्याकडे लोणच्याची असते तशी. तिच्या तोंडातून एक सापासारखी लांब वाम मान काढून बसली होती, तोंडाची उघडझाप करत, अगदी दारात बसलेल्या म्हातारीसारखी.

आईंनी तोंड वर काढलं, नळी थुंकली. "अगं, ही तर आपली कौलं!" निफाडच्या घरावर पत्रे यायच्या आधी हीच कौलं होती. लग्न होऊन आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी ती शाकारायला हात लावला होता. "खाली घरं हायेत गं!" म्हणाल्या आणि पुन्हा तोंड पाण्यात.

कौलांच्या थोडं पुढे ते दिसलं. एका मोठ्या गड्ड्याला लाल कापड गुंडाळलेलं, जरीचा काठ अजून चमकत होता. कापडाखालून जिथे प्रवाळ दिसत होतं तिथे ते पांढरंफटक होतं. त्या भागावर एकही मासा नव्हता. सगळे वळसा घालून जात होते.

आई बराच वेळ त्याच्यावर तरंगत राहिल्या. मग त्यांचा हात शर्टातून बाहेर आला. रिकामा. त्यांनी दोन्ही हातांनी रिंग धरली.

होडीत चढल्यावर त्यांनी ओला खण काढून मांडीवर ठेवला. रुपालीने तो बघितला आणि टॉवेल पुढे केला. आई म्हणाल्या, "ती कोणाची ओटी हाय?"

"काय माहीत. दर वर्षी मिळतात. ही खूप खोल गुंतलीय, कापडावरच नवीन पोवळं चढलंय. ओढली तर सगळंच तुटेल."

"मग काप."

"माझी सुरी मोठी आहे, काकी. एकेक धागा कापावा लागेल."

आईंच्या पर्समध्ये काय नसतं! त्यांनी चिमटीएवढी टोकदार कात्री काढली. द्राक्षाच्या घडातले जास्तीचे मणी काढून टाकायला विरळणीला वापरतात ती. बागेतल्या बायकांच्या पिशवीत ती कायम असते, देवळात जातानासुद्धा. "घडात हात घालायचा, पण शेजारच्या मण्याला नख लागू द्यायचं नाय. तसं काप."

मी रजा एका दिवसाने वाढवली. साहेबांनी फोनवर विचारलं, कारण काय, तर मी म्हटलं, घरचं धार्मिक कार्य. संध्याकाळी आईंनी रुपालीला ओट्यावर बसवून शिकवलं. जुन्या जाळ्यात सुतळ्या गुंतवल्या, आणि टोक कसं आत सरकवायचं, कात्री कशी निम्मीच उघडायची, ते दाखवलं. रुपालीचे दोन धागे चुकले तर "अगं बाई, गेला ना मणी!" म्हणून ओरडल्या. रुपाली हसून लोळत होती.

दुसऱ्या दिवशी रुपाली पाठीला हवेची टाकी लावून खाली गेली आणि आम्ही दोघी वरून बघत होतो. काल पाय पाण्याला लागताच सुहासच्या बापाला हाक मारणारी ही बाई सगळा वेळ पालथी तरंगत होती, शेजारी होडीवाले काका दोरी धरून. खाली रुपाली एक एक धागा सोडवत होती. मध्येच आई पाण्यातच हाताने "हळू, हळू" करत होत्या, जसं काही तिला दिसत होतं. कापड सुटून वर यायला लागलं तेव्हा त्या माझा दंड एवढ्या जोरात दाबून होत्या की संध्याकाळी वळ होता. खालचा गड्डा निम्मा पांढराच राहिला. पुन्हा जगेल की नाही हे रुपालीला सांगता येत नव्हतं. जगतं कधीकधी, म्हणाली.

होडीत ते कापड बादलीत ठेवलं. शेवाळलेलं, जड. आई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "ही टाकणारीचं बी एखादं पोरगं पाण्यावर असंल." मग त्यांनी स्वतःची पिशवी पुढे ओढली आणि माझ्याकडे सरकवली. "भर."

"कुणाची?" मी विचारलं.

त्यांनी रुपालीकडे हनुवटी केली. "समुद्रात रोज जाऊन त्याचं सारं बघती ती हीच ना."

रुपाली एकदम उजळली. "पैठणीचो खण? माका द्या ना! माका कोण देतलो?" मग ती थांबली आणि मला म्हणाली, "पण वहिनी, तुम्ही नको. काकी, नवस तुमचो. हात तुमचेच होये."

आई म्हणाल्या, "मला नाय चालत." रुपाली म्हणाली, "समुद्रात उतरलात ना? मग चालतंय." होडी डुलत होती, होडीवाले काका मुद्दाम दुसरीकडे बघत होते. आईंनी ओंजळीत गहू घेतला. रुपालीच्या अंगावर डायव्हिंगचा काळा घट्ट सूट, पदर कुठून आणणार? तिने टॉवेल पसरला. आईंनी त्यात गहू घातला, नारळ, बांगड्या, आणि अजून दमट असलेला खण. पिशवीतलं हळदकुंकू लावायला बोट पुढे केलं तर तिच्या कपाळावरून पाणी गळत होतं. एवढ्या वर्षांनी त्यांचे हात ते करत होते आणि एकही गोष्ट विसरले नव्हते. मला त्या क्षणी त्या दोघींबद्दल, सुहास परत आला त्याबद्दल, आपण इथे आलो त्याबद्दल इतकं कृतज्ञ वाटलं की मी कॅमेरा काढायचं विसरले. म्हणून या पोस्टमध्ये त्याचा फोटो नाही. नारळ तिथेच फोडून सगळ्यांनी खाल्ला.

परतीचा रस्ता तोच. येताना पन्हाळा बघायचा बेत होता, तो राहिला, कारण आई सातारा येईपर्यंत झोपल्या. एवढं शांत झोपलेलं मी त्यांना वर्षभरात बघितलं नव्हतं.

सुहास मुंबईहून घरी येऊन गेल्या आठवड्यात जहाजावर गेला. दरवेळी तो निघताना आई आतल्या खोलीत जाऊन बसतात, या वेळी द्वारकेला बसपर्यंत आल्या. ओटी भरली का, असं त्याने विचारलं, तर "भरली" एवढंच म्हणाल्या. बाकी त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही.

काल त्याचा फोन आला. पूर्वी आईंचा एकच प्रश्न असायचा, कधी येतोस. कालही तो विचारला. पण मग म्हणाल्या, "आत्ता जहाज कुठं हाय? खाली काय हाय तिथं?"

"खाली? काही नाही गं आई, नुसतं पाणी. इथं तळ कुणाला दिसतो!"

"दिसत नाय म्हणून नसंल का? जेवत जा. आणि हे बघ, वरून खाली काय बी टाकत जाऊ नको. सांग तिथल्या लोकांना. खाली घरं असत्यात."